धुडकू पेंटर आणि ऐंशी घरांचा कागद

पंचावन्न-छप्पन सालच्या नंदुरबारात नाटकमंडळींचे पडदे धुडकूभाऊच रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता आणि तुरुंग असे चार पडदे तयार झाले की मंडळी कुठलंही नाटक करायला मोकळी. पूर्ण नाव धुडकू आत्माराम शिंपी. वडील स्टेशनरस्त्याला शिलाईचं मशीन घेऊन बसत. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा आता हा कुठंतरी कारकून होणार म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मुलाने त्यांच्याकडून मांजरपाटाचं अख्खं ठाण मागून घेतलं आणि त्यावर जंगल काढलं. वडील त्या ठाणाबद्दल पुढे मरेपर्यंत बोलत राहिले.

माझी आणि त्यांची ओळख नंतरची. आम्ही एकाच कार्यालयात कामाला होतो आणि आमची टेबलं शेजारी होती. मी टंकलेखक. पडद्यांच्या दिवसांची हकिगत मी धुडकूभाऊंच्या आणि छबूवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, तोंडून ऐकली. दोघांच्या सांगण्यात बराच फरक असे. राजवाड्याच्या पडद्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. तसा पडदा खानदेशात दुसरा नव्हता. बारा खांब, मागे कारंजं, आणि खांबांच्या सावल्या अशा टाकलेल्या की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आत शिरता येईल. मंडळी उघड्यावर खेळ करायची, म्हणून रंग अळशीच्या तेलात कालवलेले. चार महिने लागले होते.

साठ साली मंडळी मोडली. सिनेमापुढे कोण टिकणार? मालकाने सामान मिळेल त्या भावाने फुंकून टाकलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला, आणि जिनिंग फॅक्टरीवरून जाताना धुडकूभाऊंना आवारातल्या कापसाच्या ढिगावर आपला राजवाडा पसरलेला दिसला. खांब आडवे, कारंजं उलटं. ते आत गेले आणि रखवालदाराला विचारलं, "हाऊ पडदा कठून आना?"

"पडदा कसाना? ताडपत्री शे ती," रखवालदार म्हणाला. "भलती चांगली शे. तेलना रंग शे ना, थेंब जात नही मजार."

"मी रंगवेल शे तो."

रखवालदाराने त्यांच्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. "मंग आखो दोन करी द्या ना, भाऊ. मालकले लागतीन."

त्या माणसाने टिंगल केली असती तर बरं झालं असतं, असं धुडकूभाऊ मला म्हणाले होते. त्याने मनापासून स्तुती केली, ती त्यांना सोसली नाही. त्या दिवसापासून त्यांनी पडदा रंगवला नाही. दुकानांच्या पाट्या तेवढ्या राहिल्या. टॉकीजची पोस्टरंही काही दिवस केली, मग तीही छापील यायला लागली.

त्रेसष्ट साली आमच्या पीक-पाहणी कार्यालयात नकाशे रंगवायला माणूस हवा होता. साहेब होते इंद्रसिंग गिरासे, शहाद्याकडच्या जमीनदार घरातले. स्वभावाने सरळ, पण चिडके. कार्यालयात ते पुस्तकी मराठी बोलत आणि राग अनावर झाला की अहिराणीवर येत. त्यामुळे त्यांची भाषा बदलली की आम्ही सगळे आपापल्या टेबलात डोकं घालायचो. त्यांनी धुडकूभाऊंच्या पाट्या पाहिल्या होत्या. त्यांना बोलावलं आणि कामावर घेतलं. कुठल्या गावात एकरी किती पिकतं, त्याप्रमाणे नकाशात फिका किंवा गडद रंग भरायचा. धुडकूभाऊंनी ते काम इतकं नेटकं केलं की वरच्या कचेरीतले साहेबलोक नकाशे काचेत लावून ठेवत आणि आकड्यांकडे बघतच नसत. गिरासेसाहेबांना याचा फार राग येई.

पासष्टच्या जूनमध्ये मुंबईहून पत्र आलं. तिथल्या एका संस्थेत हिशेब करणारं विजेचं यंत्र आलं होतं आणि आमच्या खात्याला त्यावर वेळ मिळणार होता. दोन वर्षांची पाहणी, हजारावर शेतं, कापसाचं जुनं बियाणं आणि नवं बियाणं. कुठलं सरस, हे यंत्र सांगणार. त्यासाठी यंत्राला त्याच्या भाषेत हुकूम लिहून द्यावे लागतात. ते शिकायला एक माणूस तीन आठवड्यांसाठी पाठवा.

जूनमध्ये माणूस मागणाऱ्याला खानदेश माहीत नसावा. पेरणीचे दिवस. कार्यालयातल्या प्रत्येकाची शेती, प्रत्येकाच्या घरी बैलाला काहीतरी झालेलं. ज्याच्याकडे बोटभरही जमीन नव्हती असा माणूस एकच, धुडकू शिंपी.

"साहेब, माझं गणित मॅट्रिकपुरतं," ते म्हणाले.

"आणि इंग्रजी?"

"पाट्यांपुरतं."

"मग पुरे झालं," साहेब म्हणाले आणि सही केली.

तीन आठवड्यांनी धुडकूभाऊ परत आले ते एक इंग्रजी पुस्तक, शाळेच्या तपासनिसासारखा चेहरा आणि छापील कागदांचे गठ्ठे घेऊन. त्या कागदाच्या प्रत्येक ओळीत ऐंशी घरं होती. एका घरात एक अक्षर. पहिली पाच घरं ओळीच्या क्रमांकाची, सहावं राखीव, हुकूम सातव्या घरापासून सुरू. बहात्तराव्या घरापुढे लिहिलेलं यंत्र बघतही नाही. भाषेचं नाव फोरट्रान. असा कागद भरून मुंबईला पाठवायचा, तिथल्या मुली त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडणार, आणि ते पत्ते यंत्राला घालणार.

"तुम्ही यंत्र पाहिलं?" मी विचारलं.

"काचेतून. आत जाऊ देत नाहीत."

"कसं आहे?"

"कपाटासारखं," ते वैतागून म्हणाले. "कपाटच आहे. गार खोलीत ठेवलंय."

मग सुरू झालं ते टपाल. लिफाफा गाडीने सुरतमार्गे मुंबईला जाई. तिथे आमचा नंबर लागे तेव्हा लागे. उत्तर यायला बारा दिवस, कधी पंधरा. पहिला कार्यक्रम, म्हणजे यंत्रासाठीच्या हुकमांची यादी, त्यांनी महिनाभर खपून लिहिला. उत्तरात घडीघडीचा लांब कागद आला. त्यावर हिशेबाचा एक आकडा नव्हता, नुसत्या चुकांची यादी होती. सोबत पत्ते पाडणाऱ्या विभागाच्या प्रमुख निर्मलाबाईंची चिठ्ठी होती, स्वच्छ मराठीत.

"आपले अक्षर फार सुंदर आहे. आमच्या मुलींना ते वाचता येत नाही. ओ आणि शून्य सारखेच दिसतात. आय आणि एक यांनाही आपण खाली फुलोरा काढता. कृपया साधे लिहावे."

पंधरा वर्षं पाट्या रंगवलेला माणूस तो. ओ काढताना हात आपोआप पोट गोल करून बारीक होत वर यायचा. आता तो हात मोडायचा होता. दुपारच्या सुट्टीत ते रद्दी कागदावर ओ आणि शून्य गिरवत बसत, शून्याला आडवी काट मारत, आणि स्वतःशीच पुटपुटत, "चांगल्या अक्षरासाठी लहानपणी मार खाल्ला. आता वाईट अक्षरासाठी खातोय."

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो तर छबूवहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा यास्ले. मन्हा भाऊना दुकाननी पाटी तीन महिनापासून बाकी शे. आनि हाई बठ्ठा दिन काय गिरगोटा काढी ऱ्हायनात?"

"गिरगोटा नही, नोकरी शे ती," आतून आवाज आला.

"नोकरी शे ते मंग चांगलं लिखा ना!"

"चांगलं लिखं तेच ते चुकनं!"

दुसऱ्या फेरीला अक्षर वाचता आलं, पण निम्म्या ओळी यंत्राने नाकारल्या. छोट्या ओळी चालल्या, लांब तेवढ्या नाकारल्या. चार दिवस डोकं धरून बसल्यावर त्यांना कळलं. पाटी रंगवणारा मजकूर मधोमध घेतो, दोन्हीकडे सारखी जागा सोडतो. त्यांनीही नकळत प्रत्येक ओळ पहिल्या बहात्तर घरांच्या मधोमध आणली होती. लांब ओळ मधोमध आणली की ती चौथ्या-पाचव्या घरापासून सुरू होई, आणि यंत्राला सातवंच घर हवं. सगळे कागद पुन्हा लिहिले. डावीकडे खच्चून, उजवीकडे ओसाड. "असली पाटी कुणी लावली असती तर मी बोळातून पळून गेलो असतो," ते म्हणाले.

सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि महिनाभर टपालाचा ठिकाणा राहिला नाही. दिवाळीनंतर तिसरी फेरी आली. या खेपेला यंत्राने काम सुरू केलं, चाळीस गावं केली आणि एकेचाळिसाव्याला बंद पडलं. ते गाव अक्राणीच्या डोंगरातलं होतं. तिथं कापूस नव्हताच. धडगावच्या आमच्या पाहणीदाराने, चैत्या पावराने, तरीही कर्तव्य म्हणून फॉर्म भरला होता: शेतं शून्य, उत्पन्न शून्य. शून्याला शून्याने भागा म्हटल्यावर यंत्र जागच्या जागी थांबलं.

चैत्या महिन्याच्या बैठकीला आला तेव्हा धुडकूभाऊ त्याच्यावर घसरले. "जिथं कापूस नाही तिथला फॉर्म कशाला भरलास?"

चैत्या शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही कापूस किती विचारलं. नाही, म्हणून नाही लिहिलं. नसता भरला तर साहेब म्हणाले असते, चैत्या डोंगर चढलाच नाही."

धुडकूभाऊंनी फॉर्मवरची ती दोन शून्यं पुन्हा पाहिली. ते म्हणाले, "माणूस असता तर शून्य बघून पुढच्या गावाला गेला असता. या कपाटाला तेही सांगावं लागतं." आणि त्यांनी तेही सांगितलं: शेतं शून्य असतील तर भागू नकोस, पुढे जा.

मी एकदा विचारलं होतं, पडद्यांची आठवण येते का. त्यांना त्या दिवशी विचारायला नको होतं. "पडद्यात चूक झाली तर पहिल्या रांगेतल्याला दिसते, आणि तोही नाटक बघायचं सोडून पडदा बघत असेल तर," ते म्हणाले. "इथं एक स्वल्पविराम राहिला की पंधरा दिवस गेले. कुणावर ओरडायचं? कपाटावर?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र पूर्ण उत्तर आलं. पाहणीत कापसाबरोबर बाकीची पिकंही होती, म्हणून पिकांची नावं डोक्यावर, प्रत्येक पिकाचा रकाना, सगळी गावं. गिरासेसाहेबांनी स्वतः लिफाफा फोडला. कापसाखाली जुन्या बियाण्याचं एकरी उत्पन्न दोन क्विंटल, नव्याचं दोन क्विंटल. जवळपास प्रत्येक गावात तेच. म्हणजे दोन्ही बियाणी सारखीच.

"चला, संपलं एकदाचं," साहेब मला म्हणाले. "अहवाल टाइप करा. नव्या बियाण्यात विशेष नाही, जुनंच वाटावं."

धुडकूभाऊ उठून उभे राहिले. "साहेब, हे चुकलंय."

"कसं काय?"

"तापीकाठच्या सहा गावांचा हिशेब आपण हाताने केला होता. मी रंगवलाय तो नकाशा. नवं बियाणं जिथं होतं तिथं मी गडद हिरवा भरला होता. दोन्हीला एकच रंग असता तर मला आठवलं असतं."

"शिंपी, यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो."

"मग माणूस म्हणजे मीच ना? मी चुकलोय असं लिहून घ्या. पण हा कागद पाठवू नका."

साहेबांची भाषा बदलली. "नऊ महिना व्हई गयात! पंधरा एप्रिलले बियाणानी मागणी जास. मी वर काय सांगू? पेंटरले रंग याद शे म्हणीसन?"

आम्ही टेबलात डोकी घातली. धुडकूभाऊ मात्र तसेच उभे होते. कान लाल झाले होते, पण ते बसले नाहीत. शेवटी साहेब हातातला कागद टेबलावर आपटून म्हणाले, "आठ दिवस. त्यानंतर हाच जाईल."

त्या आठ दिवसांत ते पुस्तक शेवटापासून सुरुवातीकडे वाचत होते. हजार शेतांच्या हिशेबातली मधली गणितं हाताने ताडून पाहिली. बेरजा बरोबर होत्या, शेतांची संख्या बरोबर होती. उत्तर तेवढं चूक. पाचव्या दिवशी त्यांनी वैतागून तो सगळा लांब कागद भिंतीवर खिळ्यांनी ठोकला, खुर्च्या बाजूला सारल्या आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पडदा रंगवताना मधून मधून मागे जाऊन पाहायची सवय होती, तसे. इतक्या लांबून आकडे वाचता येत नव्हते, नुसती काळी-पांढरी नक्षी दिसत होती.

"इकडे या," त्यांनी मला हाक मारली. "काय दिसतं?"

मला काहीच दिसत नव्हतं.

"बाजरी आणि तुरीचे रकाने बघा. खडबडीत आहेत. दर ओळीला वेगळे. आता कापूस, ज्वारी, मिरची बघा. उजवी कड कशी गुळगुळीत?"

जवळ जाऊन पाहिलं. बाजरी तीन पूर्णांक बेचाळीस, तीन पूर्णांक सदुसष्ट, अशी उतरली होती. कापूस, ज्वारी आणि मिरचीच्या मात्र प्रत्येक आकड्यापुढे दशांशचिन्ह आणि दोन शून्यं. सगळीकडे. हजार शेतांत एकाही ठिकाणी अपूर्णांक नाही, असं होणं शक्य नव्हतं. या तीन पिकांचे अपूर्णांक कुणीतरी कापून टाकले होते.

मग तीनच पिकांचे का, हे शोधायला आणखी दीड दिवस गेला. पुस्तकात एका पानाच्या तळाशी ते वाक्य होतं. ज्या नावाचं पहिलं अक्षर इंग्रजी आय ते एन यांच्यातलं असेल, त्याला यंत्र पूर्ण संख्या समजतं. धुडकूभाऊंनी प्रत्येक पिकाच्या आकड्याला त्या पिकाचंच नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत. कापूस के-वरून. ज्वारी जे-वरून. मिरची एम-वरून. बाजरी आणि तूर सुटली होती. नव्या बियाण्याचे दोन पूर्णांक त्र्याऐंशी आणि जुन्याचे दोन पूर्णांक सतरा, दोघांचेही दोन झाले होते.

त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे कापसाला कापूस म्हणायचं नाही."

त्यांनी नावाच्या आधी एक ए लावला. अकापूस, अज्वारी; नावात सहापेक्षा जास्त इंग्रजी अक्षरं चालत नव्हती, म्हणून मिरचीची शेपटी कापली. कागद टपालात टाकायला वेळ नव्हता. ते स्वतः गाडीत बसले, सुरतेला गाडी बदलून मुंबई गाठली आणि पत्ते पाडायच्या विभागात जाऊन उभे राहिले. निर्मलाबाई साठीकडे झुकलेल्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या बाई निघाल्या. त्यांनी कागद वरखाली करून पाहिला.

"तुम्हीच का ते नंदुरबारचे? आता फार वाईट लिहायला लागलात," त्या म्हणाल्या. "छान." आणि रांगेतले दुसऱ्यांचे गठ्ठे बाजूला सारून त्यांनी ते पत्ते स्वतः पाडले आणि त्याच रात्री यंत्रावर नंबर लावून दिला.

धुडकूभाऊ आठव्या दिवशी संध्याकाळी परतले. साहेब कार्यालयात थांबले होते. कापसाचा रकाना आता खडबडीत होता. नव्या बियाण्याचं उत्पन्न तीनशेवर गावांत वरचढ होतं, काही डोंगरी गावांत मात्र जुनंच बरं होतं. साहेबांनी सहा गावांचा जुना हिशेब काढून शेजारी ठेवला आणि एकेक आकडा ताडून पाहिला. सगळं झाल्यावर म्हणाले, "शिंपी, मी तुमचं ऐकलं नसतं तर?"

"ऐकलं ना साहेब," धुडकूभाऊ म्हणाले. "आता मला दोन दिवस रजा द्या. मेव्हण्याची पाटी रंगवायची आहे. घरात जेवण मिळेनासं झालंय."

त्या वर्षी सपाटीला नवं बियाणं वाटलं गेलं आणि डोंगरात जुनं. कुणाचंही नाव कुठे छापून आलं नाही. अहवालावर सही साहेबांची होती, आणि मजकूर मी टाइप केला होता. धुडकूभाऊंना नकाशांच्या कामातून काढून यंत्राच्या कामावर कायम केलं. बाजारात लोक त्यांना पेंटरच म्हणत. काय काम करता असं कुणी विचारलं तर ते आधी समजावून सांगत. पुढे पुढे "चिठ्ठ्या लिहितो" एवढंच सांगायला लागले. नवापूरच्या एका व्याह्याने त्यावरून ते पोस्टात आहेत असा समज करून घेतला. त्यांनी तो कधी दुरुस्त केला नाही.

मला वाटायचं, या कामावर ते कधीतरी लाथ मारतील. पण अडुसष्ट साली खापरच्या हौशी मंडळीने पडदा मागितला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. बसस्टँडचा पडदा केला. काम चांगलं होतं, पण रंगवताना त्यांनी आधी कापडावर खडूने घरं आखून घेतली. छबूवहिनी ते पाहून म्हणाल्या, "आते आठे बी घरं?" त्यांनी खडू पुसला नाही.

एकोणसत्तरच्या ऑगस्टमध्ये मुंबईहून पुन्हा पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं. जुनं यंत्र काढून नवं, मोठं यंत्र बसवलं आहे. जुन्या यंत्रासाठी लिहिलेले सर्व कार्यक्रम नव्यावर चालतीलच असं नाही. कृपया तपासून आवश्यक ते बदल करून पाठवावेत. सोबत नवीन नियमांची यादी, पानं चौदा.

धुडकूभाऊंनी तोवर त्रेचाळीस कार्यक्रम लिहिले होते. त्यांनी कार्यालयाच्या कपाटाचं दार उघडून ते सगळे गठ्ठे पाहिले. मग त्या यंत्राला, मुंबईला, ते पत्र लिहिणाऱ्याला आणि ज्या जूनमध्ये आपल्याकडे शेत नव्हतं त्या जूनला, असं एकेकाला धरून त्यांनी अस्सल अहिराणीत शिव्या घातल्या. गिरासेसाहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, थोडा वेळ उभं राहून ऐकलं आणि परत आत गेले.

दम लागल्यावर धुडकूभाऊ खुर्चीत बसले. पाणी प्यायले. माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "आना ती यादी. दखू ते खरी, आते काय काय बदली टाकं."